परिचर्येचा पुढचा उंबरठा

बारावीचा निकाल हाती पडला की मुलाच्या बाबतीत ‘पुढे काय?’ असे विचारले जाते आणि मुलीच्या बाबतीत ‘आता आणखी किती?’ असे विचारले जाते. दोन्ही प्रश्न काळजीपोटीच निघतात हे आम्हांस मान्य आहे. पण पहिल्या प्रश्नाला क्षितिज असते आणि दुसऱ्याला फक्त कुंपण. नर्सिंगच्या शिक्षणाबाबत तर हा दुसरा प्रश्न फारच लवकर विचारला जातो. तीन वर्षांत नोकरी लागते ना, मग चौथे वर्ष कशाला? पदवी मिळाली ना, मग पदव्युत्तर शिक्षणाचा सोस कशाला? हा हिशेब वरकरणी व्यवहारी दिसतो. तो किती अव्यवहारी आहे हे दाखविण्यासाठी आज आम्ही वाचकांना मांडवी-झुवारीच्या काठावरून पैनगंगेच्या काठावर नेणार आहो.

आदिलाबाद हे नाव गोमंतकीय वाचकाला फारसे परिचित असण्याचे कारण नाही. तेलंगणाचा हा उत्तरेकडील जिल्हा. पलीकडे यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग पैनगंगा ओलांडतो आणि पाट्यांवरची लिपी बदलते; बोली मात्र लगेच बदलत नाही. बेला, जैनथ, तलमडगू, तामसी या भागांत आजही घरात मराठी, बाजारात तेलुगू व उर्दू आणि डोंगराकडे वळले की गोंडी व कोलामी असा चौपदरी व्यवहार चालतो. एके काळी हा सारा प्रदेश निजामाच्या राज्याचा. १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो मुक्त झाला. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत किनवट नांदेडकडे आले, १९५९ साली राजुरा चांद्याकडे गेले, आणि उरलेली मराठी गावे आंध्रात व २०१४ नंतर तेलंगणात राहिली. २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले : आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमुरम भीम आसिफाबाद. रेषा आखणारे आखून जातात आणि रेषेवर राहणाऱ्यांना तिच्यासह जगावे लागते, हे १९६१ पर्यंत पोर्तुगीज नाक्यांवर जाबजबाब देत आलेल्या गोमंतकीयांना वेगळे समजावून सांगावयास नको.

या जिल्ह्यात २००८ साली राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था उभी राहिली. लोक तिला ‘रिम्स’ म्हणतात. २०२२ साली मंचेरियालला आणि २०२३ साली निर्मल व आसिफाबादला सरकारी वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. म्हणजे जुन्या आदिलाबादच्या चारही तुकड्यांत आज वैद्यकीय महाविद्यालय आहे. ज्या मुलखात पावसाळा आला की तापाच्या साथीने पाड्यामागून पाडे अंथरूण धरीत आणि बाजेवर घालून रोगी आणावा लागे, तेथे ही केवढी मोठी गोष्ट आहे! पण इमारत सरकारला दोन वर्षांत बांधता येते. परिचारिका दोन वर्षांत होत नाही, आणि परिचारिकेला शिकविणारी शिक्षिका तर सात वर्षांतही जेमतेम होते. आमच्या लेखाचा विषय हा आहे.

आमच्याकडे सिंधुदुर्गातले रुग्ण बांबोळीच्या इस्पितळात येतात. दोडामार्ग-सावंतवाडीची म्हातारी वॉर्डात आली की तिची मालवणी समजून घेणारे कोणीतरी भेटते, आणि अर्धे दुखणे तेथेच हलके होते. आदिलाबादच्या वॉर्डातही पैनगंगेपलीकडचे रुग्ण येतात, उटनूरच्या डोंगरातले गोंड येतात, शहरातले उर्दूभाषक येतात. ‘पोटात कळ येते’ आणि ‘पोटात आग पडते’ या दोन वाक्यांतला फरक ज्या परिचारिकेला कळतो, ती डॉक्टरच्या तपासणीआधीच निम्मे निदान करून ठेवते. सीमेवरची मराठी मुलगी चार भाषा कानांनी शिकून आलेली असते. हे तिचे खरे भांडवल. दुर्दैवाने प्रवेशाच्या अर्जात त्यासाठी रकाना नसतो.

आता शिक्षणाच्या वाटा पाहू. परिचर्येच्या शिक्षणात तीन दरवाजे आहेत. ए.एन.एम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. त्यातून गावपातळीवरची आरोग्यसेविका तयार होते. जी.एन.एम. ही तीन वर्षांची पदविका. तिला बारावीची कोणतीही शाखा चालते. आणि बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. तिला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय लागतात. देशात या पदवीचा आरंभ १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोर येथे झाला. पदव्युत्तर एम.एस्सी. नर्सिंग १९५९ साली दिल्लीत सुरू झाले. म्हणजे ही काही कालपरवाची परदेशी टूम नव्हे. तरीही आमच्या मध्यमवर्गाला अजून असे वाटते की, नर्स म्हणजे नर्स; तिच्यात पदवीधर आणि बिनपदवीधर असा भेद कशाला?

भेद कोठे आहे हे सांगतो. एम.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घ्यावयाचा तर भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांप्रमाणे बी.एस्सी. नर्सिंग किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. ही पदवी हवी, त्यात एकूण ५५ टक्के गुण हवेत, नोंदणी हवी आणि एक वर्षाचा कामाचा अनुभव हवा. चार वर्षांच्या पदवीवाल्या मुलीला हा अनुभव पदवीनंतर घ्यावा लागतो. पोस्ट बेसिकवालीला त्या अभ्यासक्रमाच्या आधीचाही चालतो. आता पाटी-पेन्सिल घेऊन बसा. बी.एस्सी.ची चार वर्षे, अनुभवाचे एक, एम.एस्सी.ची दोन : एकूण सात. जी.एन.एम.ची तीन, अनुभवाचे एक, पोस्ट बेसिकची दोन, एम.एस्सी.ची दोन : एकूण आठ. फरक अवघ्या एका वर्षाचा! जी.एन.एम. म्हणजे बंद गल्ली असे जे शहाणे लोक सांगत असतात, ते अर्धसत्य होय. ज्या घरात तिसऱ्या वर्षानंतर मुलीने चार पैसे आणणे अपरिहार्य आहे, त्या घरासाठी ही आठ वर्षांची वाट मुळीच कमी प्रतीची नाही. मात्र तिच्यात एक खाच आहे. मधल्या पोस्ट बेसिकच्या जागा थोड्या असतात, आणि तोवर मुलगी चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षात आलेली असते. लग्न, बाळंतपण आणि रात्रपाळी या तिन्हींच्या कात्रीतून पुन्हा पुस्तकाकडे परतणाऱ्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. न परतलेल्या त्याहून अधिक पाहिल्या आहेत. म्हणून ज्या घराला चार वर्षे निभावून नेणे शक्य आहे, त्या घराने पदवीच धरावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. नोकरीच्या दाराशीही हा भेद उभा असतो. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था २०२० पासून नर्सिंग ऑफिसरांसाठी जी सामाईक परीक्षा घेतात, तिला पदवीधर मुलगी थेट बसू शकते. पदविकाधारक मुलीला मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो.

ही निवड बारावीनंतर होते असे समजणे, हा पहिला गैरसमज. ती दहावीनंतरच होऊन गेलेली असते. तेलंगणात अकरावी-बारावीला इंटरमीडिएट म्हणतात आणि जीवशास्त्राच्या गटाला ‘बायपीसी’. बेला मंडळातल्या कापूसवाल्या शेतकऱ्याची मुलगी सरकारी मराठी शाळेतून दहावी होते. जवळच्या महाविद्यालयात कला शाखा आहे, सखी-मैत्रिणी तिकडेच चालल्या आहेत, विज्ञानाची पुस्तके इंग्रजी आहेत. म्हणून ती कला शाखा घेते. त्या दिवशी, त्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या नकळत, बी.एस्सी. नर्सिंगचा दरवाजा बंद होतो. उरतात ए.एन.एम. आणि जी.एन.एम. कोणी नापास केले नाही, कोणी फसविले नाही, कोणी काही सांगितलेच नाही, एवढेच. मराठी माध्यमातून इंग्रजी विज्ञानाकडे उडी घेणे कठीण असते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु नर्सिंगची पदवी इंग्रजीतूनच शिकावी लागते. ती उडी चार वर्षे पुढे ढकलल्याने खड्डा अरुंद होत नाही.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. सीमेवरच्या मराठी घरांतून मुलांना अकरावी-बारावीसाठी नांदेडला धाडण्याची प्रथा आहे. तेथल्या शिकवण्यांचा लौकिक मोठा, भाषा आपली, नातलग जवळ. परंतु तेलंगणातील व्यावसायिक प्रवेशांत ‘स्थानिक’ कोण, याचे नियम १९७४ च्या राष्ट्रपतींच्या आदेशापासून चालत आलेले आहेत. सर्वसाधारण सूत्र असे की, पात्रता परीक्षेपर्यंतची सलग चार वर्षे, म्हणजे नववी ते बारावी, राज्यातच शिकलेली मुलगी स्थानिक. आणि बहुतांश जागा स्थानिकांच्या. वैद्यकीय प्रवेशांबाबत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणजे जी मुलगी अकरावीला नांदेडला गेली, ती आपल्याच जिल्ह्यात परकी ठरण्याचा धोका. बरे, महाराष्ट्र तिला आपली म्हणतो काय? तेथे राज्याच्या कोट्यासाठी अधिवास दाखला आणि दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून, असा आग्रह असतो. तिची दहावी आदिलाबादची! दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो हा. कर्नाटकाच्या सीमेवरील ८६५ गावांतल्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राने व्यावसायिक महाविद्यालयांत जागा राखल्या आहेत, आणि ते योग्यच केले. आदिलाबादच्या मराठी गावांसाठी सीमाआंदोलन झाले नाही, हुतात्मे झाले नाहीत, म्हणून त्यांच्या मुलींची मराठी कमी मराठी ठरावी काय? केरामेरी मंडळ आणि जिवती तालुका यांच्या सीमेवर चौदा गावे अशी आहेत, की ज्यांवर दोन्ही राज्ये हक्क सांगतात आणि जेथले लोक दोन्ही राज्यांची शिधापत्रिका बाळगतात. हक्क सांगावयास दोन सरकारे. शिकवावयास मात्र एकही धड पुढे येत नाही.

तेव्हा आदिलाबादच्या पालकाला आमचा पहिला सल्ला हा की, मुलीला नर्सिंगमध्येच धाडावयाचे असेल तर नववी ते बारावी ज्या राज्यात काढाल त्याच राज्याचे महाविद्यालय ठरवून ठेवा. अध्येमध्ये नदी ओलांडू नका. प्रवेशाचे निकष दर दोन-चार वर्षांनी बदलतात, कधी बारावीचे गुण, कधी प्रवेश परीक्षा. त्यामुळे मागच्या वर्षी शेजारच्या मुलीने काय केले यावर विसंबू नये. तेलंगणातील परिचर्या महाविद्यालये वरंगलच्या कालोजी नारायण राव आरोग्यशास्त्र विद्यापीठाशी जोडलेली आहेत, महाराष्ट्रातील नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी. त्या त्या वर्षीची विद्यापीठाची अधिसूचना हीच प्रमाण. (जाता जाता सांगावयास हवे : हे कालोजी म्हणजे निजामाच्या तुरुंगात राहून आलेले प्रजाकवी. तेलुगू ही त्यांची लेखनाची भाषा, पण उर्दू, मराठी, कानडीही ते जाणत. त्यांचा जन्मदिवस, ९ सप्टेंबर, तेलंगणा आपला भाषादिन म्हणून पाळतो. बहुभाषक सीमेवरच्या मुलींसाठी याहून उचित नाव कोणते?)

आता महाविद्यालयाची परीक्षा कशी करावी? येथे आम्ही थोडे रेंगाळणार आहो, कारण फसगत येथेच होते. फी, वसतिगृह, गणवेश, बस यांची चौकशी सारेच करतात. पुढे एम.एस्सी. करावयाचे आहे हे डोळ्यांपुढे ठेवून जो चौकशी करील, त्याचे प्रश्न वेगळे असतील. पहिला प्रश्न, रुग्णालय कोठे आहे? एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण हे परिषदेचे प्रमाण आहे. साठ मुलींच्या एका वर्गाला म्हणजे एकशे ऐंशी भरलेल्या खाटा. भरलेल्या म्हटले, मांडलेल्या नव्हे! चार मजली इमारतीत रांगेने पांढऱ्या चादरी आणि त्यांवर कोणीही नाही, असे देखावे या देशात तपासणीच्या दिवशी उभे केले जातात. तेव्हा सकाळी दहा वाजता बाह्यरुग्ण विभागात जाऊन केसपेपरच्या खिडकीपुढची रांग पाहावी. रांग नसेल तर आल्या पावली परतावे. रिम्ससारख्या जिल्हा रुग्णालयात भिंतीचा रंग उडालेला असेल, पंखा कुरकुरत असेल. पण तेथे तिसऱ्या वर्षाच्या मुलीच्या हातून जितकी बाळंतपणे होतील, तितकी चकचकीत खासगी संस्थेत ती फक्त फळ्यावर पाहील.

दुसरा प्रश्न शिक्षकांचा. दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षक हे प्रमाण. त्यांतले एम.एस्सी. किती, ते कोणत्या शाखेचे, आणि ते खरोखर तेथे शिकवितात की फक्त फलकावर नाव लावून असतात? ज्या महाविद्यालयात एम.एस्सी.चाही वर्ग चालतो, तेथे खालच्या वर्गाच्या मुलींना ग्रंथालय, नियतकालिके आणि संशोधनाची थोडी हवा आपोआप लागते. २०२१ पासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात आठ सत्रे आणि श्रेयांकांची पद्धत आली आहे. त्यात परिचर्या संशोधन व संख्याशास्त्र हा विषय आहे, प्रकल्पही आहे. तो प्रकल्प एकाने लिहावा आणि बाकीच्यांनी नावे घालावीत, असा प्रघात बऱ्याच ठिकाणी पडला आहे. पुढे शोधप्रबंध लिहिण्याची पाळी आली की ही लबाडी आपलेच नाव विचारीत परत येते.

तिसरा प्रश्न गुणांचा. आणि तो पालकांना ठाऊकच नसतो. बहुतेक विषयांत उत्तीर्ण होण्यास ५० टक्के लागतात आणि एम.एस्सी.ला एकूण ५५. उत्तीर्ण आणि पात्र यांच्यामध्ये जेमतेम पाच टक्क्यांची फट आहे. घरी सारे पेढे वाटतात, मुलगी ५२ टक्क्यांनी पदवीधर होते, आणि तीन वर्षांनी अर्ज भरताना कळते की दार केव्हाच लागले आहे. ते गुण मागे जाऊन वाढविता येत नाहीत. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र आणि जीवरसायन इंग्रजीतून वाचताना मराठी-तेलुगू माध्यमाच्या मुली सर्वाधिक घसरतात. तेव्हा जपावयाचे असेल तर पहिले वर्ष जपावे.

अनुभवाच्या वर्षाचीही एक गोष्ट. नियुक्तिपत्र, दरमहाच्या पगाराची नोंद, कामावरून मुक्त केल्याचे पत्र हे कागद जपून ठेवावेत. तोंडी नेमणूक, रोख पगार आणि जाताना ‘पुढच्या महिन्यात दाखला देऊ’ असे आश्वासन, या मार्गाने काढलेले वर्ष पदव्युत्तर प्रवेशाच्या दृष्टीने शून्य. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणाऱ्या संस्था आणि रुग्णालये ही तर या व्यवसायाची जुनी व्याधी. मूळ गुणपत्रिका कोणाच्या कपाटात ठेवून मुलीने पाच मिनिटेही बाहेर येऊ नये.

आणि दलाल! निकालाच्या सुमारास छोट्या शहरांच्या लॉजमध्ये हे लोक उतरतात. दक्षिणेतल्या कुठल्याशा शहरातील महाविद्यालयाची गुळगुळीत पुस्तिका दाखवितात, फीत सवलत सांगतात, ‘हजेरीची काळजी नको’ हे हळूच सांगतात. ज्या शिक्षणात हजेरीची काळजी नको, त्या शिक्षणातून बाहेर पडलेल्या परिचारिकेच्या हाती आपल्या आईची सलाईन द्याल काय? एवढेच त्या पालकाने स्वतःला विचारावे. मध्य प्रदेशात नर्सिंग महाविद्यालयांचा जो घोटाळा उघड झाला, त्यात उच्च न्यायालयाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडे चौकशी सोपविली. आणि २०२४ साली चौकशी करणाऱ्यांपैकीच काहींना लाचेच्या आरोपावरून अटक झाली. कुंपणाने शेत खाण्याचे याहून ढळढळीत उदाहरण शोधावे लागेल. तेथे भोगले ते मुलींनी; वर्षे गेली, परीक्षा रखडल्या.

एवढा खटाटोप पदव्युत्तर शिक्षणासाठी कशासाठी, असे कोणी विचारील. वॉर्डातल्या नर्सला एम.एस्सी. हवीच कशाला? या प्रश्नाचे उत्तर आदिलाबादच्याच मातीत आहे. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कोमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. त्या उठावाने हादरलेल्या निजाम सरकारने गोंडांची दुखणी समजून घेण्यासाठी हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाचे साहाय्य घेतले. तो पत्नीसह मारलवाई या गोंड खेड्यात राहिला. १९४३ पासून तेथे जे शिक्षणकेंद्र चालले, त्याची पहिली पायरी गोंड मुलांसाठी शाळा काढण्याची नव्हती. गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करण्याची होती. वाचनपुस्तके गोंडीत, आणि लिपी देवनागरी. बाहेरून आणलेला मास्तर पहिल्या पावसात पळून जातो, हे त्या परक्या माणसाला उमगले होते.

आज परिचर्या महाविद्यालयांत तेच घडते आहे. सरकार जागा मंजूर करते, खाटाही असतात. शिकविणारे मिळत नाहीत. जे येतात ते हैदराबादकडे तोंड करून बसलेले असतात. सहायक प्राध्यापकाच्या पदाला एम.एस्सी. लागते. आदिलाबादची मुलगी एम.एस्सी. झाली नाही तर आदिलाबादच्या महाविद्यालयात आदिलाबादची शिक्षिका कोठून येणार? आडात नाही ते पोहऱ्यात कोठून यावे? एम.एस्सी.च्या पाच शाखा आहेत : वैद्यक-शल्य, प्रसूती व स्त्रीरोग, बालआरोग्य, मानसिक आरोग्य आणि सामाजिक आरोग्य. नोकरीच्या बाजारात पहिलीला मागणी फार. परंतु ज्या जिल्ह्यात पाड्यापाड्यांवर सिकलसेलचा आजार आहे, कापसाचे भाव पडले की विषाच्या बाटलीकडे हात जातात आणि कुपोषित बाळे जन्मतात, तेथे शेवटच्या तीन शाखांची तज्ज्ञ परिचारिका सोन्याच्या मोलाची. प्रसूतीच्या क्षेत्रात तर तेलंगणाने २०१७ पासून निवडक परिचारिकांना दीड वर्षाचे खास सुईणप्रशिक्षण देण्याचा जो उपक्रम हाती घेतला, तो देशात अग्रेसर ठरला. अतिदक्षता विभागासाठी ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रमही आता आहे. ज्यांना वर्गात शिकविण्यापेक्षा रुग्णाजवळच राहावयाचे आहे, त्यांनी त्याची चौकशी अवश्य करावी.

मराठी समाजाला यात नवे वाटावे असे काही नाही. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभे केले आणि ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास तेथल्या बायका पाठविल्या. ज्या काळात सोवळेओवळे घराच्या चौकटीला टांगलेले होते, त्या काळात परक्याची जखम धुण्यास ब्राह्मण विधवांना त्यांनी तयार केले. केवढे धैर्य! आज सोवळे गेले, पण ‘नर्सला मुलगा कसा मिळणार’ हा प्रश्न शिल्लक आहे. तो आमच्या गोव्यातही, देवळाच्या सभामंडपात बसलेल्या सभ्य गृहस्थांच्या तोंडून ऐकू येतो. हेच गृहस्थ मध्यरात्री छातीत कळ आल्यावर ‘सिस्टर, सिस्टर’ म्हणून हाक मारतात.

‘सेवा’ या आपल्या थोर शब्दाचाही येथे गैरवापर झाला आहे. सेवा म्हटले की पगार विचारणे असभ्य! खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१६ साली नेमलेल्या समितीने सांगितले की, दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतके वेतन असावे, आणि पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही ते २० हजारांखाली नसावे. ती शिफारस किती ठिकाणी कागदावरून खाली उतरली, हे कोणत्याही लहान शहरातल्या नर्सिंग होममधील मुलीला विचारावे. पदव्युत्तर शिक्षण हे या मुलींच्या हातातले मोजक्या शस्त्रांपैकी एक आहे. त्याने काम सोपे होत नाही, पण वाटाघाट करताना मान ताठ राहते.

परदेशाचे काय? आमच्या किनाऱ्यावर आखात आणि विलायत हे शब्द घरगुतीच आहेत, तेलंगणातही ते आहेत. जर्मनीसारख्या देशात परिचारिका पाठविण्यासाठी तेलंगणा सरकारची स्वतःची कंपनी उमेदवारांना भाषेचे धडे देते. अमेरिकेत काम करण्यासाठीची परवाना परीक्षा आता हैदराबाद-मुंबईतच देता येते. परंतु तेथल्या विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे तर साधारणतः चार वर्षांची पदवी लागते. तीन वर्षांची पदविका तेथे पदवी ठरत नाही. शिवाय शल्य, प्रसूती, बाल, मानस या प्रत्येक विभागात किती तास शिकलो आणि किती तास वॉर्डात काम केले, हे कागदोपत्री विचारले जाते. मानसरोग विभागात न गेलेल्या, पण वहीत सह्या घेतलेल्या मुलीची अडचण तेथे होते. जाणाऱ्यांना आम्ही अडविणार नाही. घर सावरण्यासाठी जातात, त्यांना देशप्रेमाचे धडे देणे सोपे आणि निर्लज्जपणाचे आहे. एवढेच की, निघण्याआधी परत येण्याची वाट तपासून ठेवावी. नोंदणी जिवंत ठेवावी.

पैशाअभावी अडलेल्या घरांसाठी दोन वाटा सांगण्याजोग्या आहेत. एक, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थांची बी.एस्सी. ऑनर्स नर्सिंग : देशभरची एक परीक्षा, फी नाममात्र, आणि ‘स्थानिक कोण’ हा काच नाही. दोन, सैन्यदलाची परिचर्या महाविद्यालये, ज्यांत पुण्याचेही एक : शिक्षण व राहणे सरकारी खर्चाने, पुढे बंधपत्राप्रमाणे सैन्यातील परिचर्या सेवा, तीही अधिकाऱ्याच्या दर्जाने. दोन्हींना स्पर्धा तीव्र आहे. पण सीमेवरच्या मुलीला, जिला दोन राज्ये आपापल्या नियमांनी बाहेर ठेवतात, देश म्हणून जे काही आहे ते येथे उपयोगी पडते.

महाराष्ट्र शासनाकडे आमचे एक साधे मागणे आहे. ८६५ गावांना जी सवलत आहे, ती आदिलाबाद आणि आसिफाबादच्या मराठी शाळांतून दहावी झालेल्या मुलींना परिचर्येच्या अभ्यासक्रमांपुरती तरी द्यावी. यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर येथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, दहा-वीस जागांनी ती वाकणार नाहीत. तेलंगणा शासनाने मराठी शाळांतल्या दहावीच्या मुलींना जानेवारी महिन्यातच, म्हणजे शाखा निवडण्यापूर्वी, कोणता गट घेतला असता कोणते दार उघडते, हे मराठीत छापलेल्या एका पानावर द्यावे. त्या पानावर ‘बायपीसी’, ‘सलग चार वर्षे’ आणि ‘५५ टक्के’ हे तीन शब्द ठळक अक्षरांत असावेत. छपाईचा खर्च फार येणार नाही. ते पान मुलीच्या हाती न देता तिच्या आईच्या हाती द्यावे. कापूस वेचून परतताना ती ते पदराला बांधून घरी नेईल, आणि संध्याकाळी मुलीकडून वाचून घेईल.